वाकड्या घराचं वय

शनिवारी सकाळी अकराला बाजारातल्या कारंज्यापाशी रुंद काठाची काळी टोपी आणि आठ गुंड्यांचं जाकीट घालून जो म्हातारा उभा असतो, तो मी. आर्नुल्फ ड्रेसेल, सुतार. वीडेनरोडे गाव पाहुण्यांना दाखवायचं काम मी सोळा वर्षं करतो आहे आणि आजवर एकही पाहुणा अर्ध्यातून निघून गेलेला नाही. एकदा एक बाई उन्हानं चक्कर येऊन पडल्या, पण शुद्धीवर आल्यावर पाणी मागायच्या आधी त्यांनी पुढं काय झालं ते विचारलं.

दुसऱ्या गावांत या कामाला इतिहासाचे निवृत्त मास्तर ठेवतात. त्यांना सनावळ्या तोंडपाठ असतात, पण भिंतीला हात लावायचा म्हटलं की घाम फुटतो. आमच्या गावात दोनशे अकरा जुनी लाकडी घरं आहेत आणि त्यांतल्या साठ-सत्तर घरांवर माझी पटाशी चाललेली आहे. कुठला खांब मुळातला, कुठला मागाहून घातलेला, कुठला नुसताच काळा रंग फासून म्हातारा केलेला, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. माझा डोळा म्हणजे पाणसळ आहे असं माझा थोरला भाऊ एवाल्ड म्हणायचा, आणि तो काही तोंडदेखली स्तुती करणाऱ्यांतला नव्हता.

माझी फेरी चांभारगल्लीच्या कोपऱ्यावर, वाकड्या घरापाशी संपते. घर रस्त्याकडे इतकं झुकलेलं आहे की पहिल्यांदा येणारे लोक आपोआप दोन पावलं मागं सरकतात. त्यांना सरकू द्यायचं आणि मग म्हणायचं, "मंडळी, या सगळ्या मुलखात याच्याहून जुनं घर नाही." सोळा वर्षं मी हे वाक्य बोलतो आहे, आणि सोळा वर्षं मागून कोणी ना कोणी म्हणतोच, "पण टॅनलिंगनचं घर तर..."

टॅनलिंगन आमच्यापासून अठरा किलोमीटरवर आहे. त्यांच्याकडं १४६१ सालचं घर आहे, त्याचा वारसा खात्यानं दिलेला कागद आहे आणि त्या कागदाच्या जोरावर महामार्गावर प्रेक्षणीय स्थळाची तपकिरी पाटी आहे. तपकिरी पाटी असली की बसगाड्या वळतात. नसली की लोक रस्ता चुकून येतात तेवढेच. तिथं गाव दाखवायला कुनो नावाचा एक निवृत्त पोस्टमास्तर आहे. लाकडातलं त्याला इतकंच कळतं की ते जळतं. दर वर्षी जत्रेत भेटला की सगळ्यांदेखत विचारायचा, "काय आर्नुल्फ, मिळाला का तुझ्या म्हातारीला जन्माचा दाखला?"

गेल्या वर्षी माझं डोकं फिरलं. मी राजधानीतल्या वारसा खात्याला चार पानी पत्र लिहिलं, फोटो जोडले, वर आमची स्वतः छापलेली पुस्तिका जोडली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते मला पुढं कळलं.

वाकड्या घरात तेव्हा माझी वहिनी राहत होती. ऑटिली तिचं नाव, वय शहात्तर. घर चर्चचं. चौऱ्याहत्तर साली ते पाडून तिथं मोटारी लावायला जागा करायचं ठरलं होतं. तेव्हा एवाल्ड पाद्रीबुवांकडं गेला आणि म्हणाला, मला भाड्यानं द्या, मी उभं करून दाखवतो. दोन हिवाळे आम्ही दोघं भाऊ त्या घरात राबलो. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं वहिनी तिथं नांदली. एवाल्डला जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी ती एकटीच त्या घरात राहत होती, माळ्यावर सफरचंदं पसरायची आणि मला दर गुरुवारी जेवायला बोलावायची.

सप्टेंबरात खात्याचं उत्तर आलं आणि त्याच दिवशी आमचा महापौर फोल्कमार माझ्या दारात हजर झाला. याच्या पाळण्याच्या कड्या मीच ठोकल्या होत्या. त्याच्या हातात दारूची बाटली होती.

"मिस्त्री, जिंकलात तुम्ही," तो म्हणाला. "खात्याच्या डॉक्टरबाई येतायत. लाकडाला बारीक भोक पाडून आतली नळी काढतात, तिच्यावरची वर्षावर्षाची वलयं मोजतात आणि झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं ते सांगतात. चौदाशे एकसष्टच्या आधीचं निघालं की काम फत्ते."

"निघणारच," मी म्हणालो. "मी काय सोळा वर्षं झोपेत बोलतोय?"

"निघालं की नगरपालिका घर विकत घेणार. चर्चच्या आताच्या पाद्रीबाई तयार आहेत. आत संग्रहालय करू. पाटी पण मिळेल."

मी पेला ओठांपर्यंत नेला होता, तो तिथंच राहिला. "आणि वहिनी?"

"त्यांना स्टेशनजवळ छान जागा दिलीय ना. तिसरा मजला, लिफ्ट आहे, सगळं आहे. आणि जुनं नाही निघालं, तर मग कोणी कशाला विकत घेतंय? राहतील आहेत तिथंच. पण तुम्ही म्हणता म्हणजे निघणारच."

मी पेला खाली ठेवला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मी सुतार आहे, वासे आपोआप फिरत नाहीत, कोणीतरी ते फिरवतं. या खेपेला तो कोणीतरी मीच होतो.

वहिनीला माझ्या आधीच बातमी लागली होती. गुरुवारी मी गेलो तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"छान केलंत भाऊजी," ती म्हणाली. "चार पानी पत्र लिहिलंत म्हणे. माझ्या लग्नात दोन ओळींचं भाषण करायला सांगितलं होतं, तर तुमच्या पोटात दुखायला लागलं होतं."

"मला काय माहीत ते संग्रहालय काढतील म्हणून."

"लिफ्ट आहे म्हणे तिथं."

"हो."

"मला लिफ्ट काय करायचीय? वर जायला गुडघे आहेत, खाली यायला कठडा आहे." तिनं बटाटा पातेल्यात टाकला. "बसा. थंड होतंय."

रडली असती, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती वाढत राहिली आणि मी खात राहिलो.

डॉक्टरबाईंचं पत्र आलं ते ऑक्टोबरात. त्यांच्याकडं एकच दिवस होता आणि सहाच भोकं पाडायची परवानगी होती. घरातलं सगळं लाकूड काळ्या रंगात रंगवलेलं, त्यामुळं नव्याजुन्याचा फरक वरून दिसत नाही. तेव्हा गावातल्या जाणकार सुतारानं मुळातल्या सहा लाकडांवर आदल्या दिवशी खुणा करून ठेवाव्यात, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली, तुमची पुस्तिका वाचली, आवडली, असंही होतं. फोल्कमारनं ते पत्र माझ्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारली.

मी इथं सुतारकामातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं घराचा लाकडी सांगाडा आधी कारखान्यात जमिनीवर जुळवतात, प्रत्येक लाकडावर पटाशीनं आकडा कोरतात, मग सगळं सुटं करून जागेवर नेऊन आकड्याबरहुकूम उभं करतात. जुन्या घरात ते आकडे अजून दिसतात. एखाद्या लाकडावर ओळीतला आकडा असला की ते मुळातलं, असं कोणीही शहाणा माणूस धरून चालतो.

पण चौऱ्याहत्तर साली मागच्या भिंतीतली सहा लाकडं पार कुजलेली निघाली होती. एवाल्डनं त्यांच्या जागी पाडलेल्या गिरणीच्या कोठाराचं ओकचं लाकूड आणलं. त्या कोठाराच्या दारावर १७९६ साल कोरलेलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं. सहाही लाकडं बसवल्यावर एवाल्ड मला म्हणाला, आकडे कोर, ओळ तुटलेली मला बघवत नाही. मी पंचवीस वर्षांचा होतो, हातात जोर होता आणि डोक्यात वारं. मी आकडे असे कोरले, वर चुलीची राख आणि जवसाचं तेल असं चोळलं, की महिन्याभरानं माझे मलाच ओळखू येईनात. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसानं ही अक्कल पाजळली नसती. बदललेलं लाकूड बदललेलं दिसू दिलं असतं. आम्हा सुतारांना मात्र अपुरी ओळ म्हणजे दातातली फट वाटते.

तर मुळातलं असल्यासारखी दिसणारी आणि खरं वय १७९६ असलेली नेमकी सहा लाकडं त्या घरात होती, आणि हे ठाऊक असलेला एकच माणूस जिवंत होता, असं मी समजत होतो.

डॉक्टरबाई यायच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला मी निळा खडू घेऊन गेलो. वहिनी माळ्यावर होती, सफरचंदं निवडत. मी आधी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. हा या घराचा म्हातारा. एका हाताच्या कवेत मावत नाही, खाली वीतभर नवा पाय जोडलेला, बाकी सगळा पहिल्या दिवसापासूनचा. कपाटामागं त्याच्यावर झाडाच्या सालीची कडसुद्धा, म्हणजे अगदी शेवटचं वलय, शाबूत आहे. त्यावर खूण केली असती तर डॉक्टरबाईंना वर्षच काय, ऋतूसुद्धा सांगता आला असता.

मी त्याच्यावर हात ठेवला. पन्नास वर्षांत लाकडाविषयी मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. माणसांविषयी बोललो असेन, करवाल्यांशी तर बोललोच, पण लाकडाविषयी नाही. उद्या १७९६ निघालं की सोळा वर्षांची माझी बडबड फुकट जाणार, पुस्तिका रद्दीत जाणार, आणि कुनो मरेपर्यंत दात काढणार. काढू दे, म्हटलं. त्याचे दात तरी किती राहिलेत. मग मी मागच्या भिंतीकडं गेलो आणि कोठाराच्या सहाही लाकडांवर ठसठशीत निळे गोल काढले.

वहिनी खाली आली. तिनं गोलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कॉफी टाकली. आलुबुखाराच्या केकचा एक तुकडा दिला. तो संपल्यावर न विचारता दुसरा दिला.

दुसऱ्या दिवशी चांभारगल्लीत ही गर्दी. फोल्कमार गळ्यात महापौराची साखळी घालून आला होता, जणू आजच पाटी लागणार होती. टॅनलिंगनहून कुनो कॅमेरा घेऊन आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"म्हटलं, म्हातारीचं खरं वय निघताना आपण असावं," कुनो मला म्हणाला. "बायकांचं वय निघालं की तमाशा होतो."

"तुझ्या घराचं वय पोस्टाच्या शिक्क्यावरून ठरवलं होतं ना?" मी म्हणालो. मी हसलोसुद्धा.

डॉक्टरबाई, थेडा यान्सन त्यांचं नाव, किनाऱ्याकडच्या. चाळिशीच्या, उंच, मनगटं कुठल्याही सुताराला शोभावीत अशी. आल्या आल्या त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ड्रेसेल मिस्त्री, तुमच्या खुणा आहेत म्हणजे माझं अर्धं काम झालं." यापेक्षा त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

आम्ही सात-आठ जण आत गेलो. बाकीचे खिडक्यांतून डोकावत होते. डॉक्टरबाईंनी पहिल्या निळ्या गोलावर हात फिरवला, शेजारचा आकडा बोटानं चाचपला आणि समाधानानं मान हलवली. यंत्राच्या गिरमिटाचं पोकळ पातं त्यांनी गोलाच्या मधोमध टेकवलं.

"तो नको," मागून आवाज आला.

वहिनी कॉफीचे पेले घेऊन उभी होती. तिनं थाळा टेबलावर ठेवला, शांतपणे पुढं आली आणि ॲप्रनच्या टोकानं निळा गोल पुसून टाकला. मग दुसरा. मग तिसरा.

"ही सगळी मागाहून घातलेली आहेत, डॉक्टरबाई," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर साली. कोठाराचं लाकूड आहे. मी दिवा धरून उभी होते, मला माहीत आहे. हे बसवताना माझ्या नवऱ्याचा अंगठा चेचला होता."

"पण आकडे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आकडे भाऊजींनी कोरलेत. बघा ना किती सुबक आलेत."

सगळे माझ्याकडं बघू लागले. कुनोनं कॅमेरा वर उचलला.

"भाऊजींना रागावू नका," वहिनी म्हणाली. "वय झालंय त्यांचं. डोळ्यांना धड दिसत नाही आता. मी केव्हाची सांगतेय चष्मा बदला, चष्मा बदला, तर ऐकत नाहीत. काल संध्याकाळी चुकीच्याच भिंतीवर खुणा करून ठेवल्या."

मी दुपारी तीनला आलो होतो, लख्ख उजेडात. आणि माझ्या डोळ्याची गावात काय ख्याती आहे ते मी वर सांगितलंच आहे. मी टोपी काढली, हातात फिरवली आणि म्हणालो, "खरं आहे. मला हल्ली दिसत नाही."

आयुष्यात यापेक्षा जड वाक्य मी बोललेलो नाही.

वहिनीनं डॉक्टरबाईंना स्वयंपाकघरात नेलं आणि कपाट सरकवायला सांगितलं. फोल्कमार तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, पाहा हं. हे जुनं निघालं तर काय होणार ते तुम्हाला माहीत आहे ना?" पोरगा मनानं वाईट नाही.

"फोल्कमार, मी म्हातारी आहे, बहिरी नाही," ती म्हणाली. मग डॉक्टरबाईंकडं वळली. "इथं पाडा भोक. इथं साल आहे अजून."

गिरमिट फिरू लागलं. ओकचा भुसा खाली पडला आणि त्याचा आंबटसर वास खोलीभर पसरला. वहिनी शेवटपर्यंत त्या खांबाला हात लावून उभी होती. बाकीच्या पाच जागाही तिनंच दाखवल्या, एकही चुकली नाही.

लोक गेल्यावर आम्ही दोघं मागं राहिलो. ती भुसा झाडत होती.

"का केलंत वहिनी असं?" मी विचारलं.

"तुम्ही का केलंत?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला कळतंय. त्या भिकार कोठाराचं वय तुम्ही माझ्या घराला चिकटवणार होता." ती झाडू टेकवून उभी राहिली. "तो इंजिनिअर आला होता आठवतंय? म्हणाला, हा कोपऱ्यातला खांब काढून टाका, नवीन घाला, दोन दिवसांचं काम आहे. एवाल्ड नाही म्हणाला. त्या खांबाला वीतभर पाय जोडायला तो आठवडाच्या आठवडा थंडगार जमिनीवर पाठीवर पडून होता. त्यानंतर त्याची कंबर कधी धड झाली नाही. त्यानं काय वाचवलं ते लोकांना कळायला नको? का त्यानं कोठार वाचवलं म्हणून सांगायचं?"

"पण घर जाईल तुमचं."

"जाईल. मी अशी किती दिवस राहणार आहे, भाऊजी? दहा वर्षं? माझ्या दहा वर्षांसाठी या घराची सगळी वर्षं बुडवायची?" तिनं पुन्हा झाडायला सुरुवात केली. "आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही. काल खुणा करताना तुम्ही शीळ घालत होता. काम करताना तुम्ही आजवर कधी शीळ घातली आहे?"

मला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. मी ते पुसलं नाही, कारण नाहीतरी मला दिसत नव्हतंच.

"पण एक सांगते," ती म्हणाली. "माझ्यासाठी आजवर कोणी खोटं बोललं नव्हतं. एवाल्डनं तर सगळ्या संसारात वाढदिवसालासुद्धा कधी केस बरे दिसतायत म्हटलं नाही. तेव्हा मला बरं वाटलं. म्हणून दुसरा तुकडा दिला केकचा."

डिसेंबरात निकाल आला. सहाही झाडं १४४६ सालच्या हिवाळ्यात तोडलेली. आमच्याकडं ओक ओलं असतानाच घर उभं करतात, म्हणजे घर १४४७ चं. टॅनलिंगनहून चौदा वर्षांनी मोठं. कुनोचा फोन आला. तो म्हणाला, "डोळे गेले तरी बरोबरच होतास की रे तू." मी त्याला म्हणालो की सुताराला हातानं दिसतं. जिंकल्यावर इतकं तरी बोलायलाच हवं.

फेब्रुवारीत वहिनीनं घर सोडलं. सामान मीच हलवलं. स्टेशनजवळच्या त्या जागेत पहिलं टेबल ठेवलं, तर ते कलंडलेलं. कपाट ठेवलं, तेही कलंडलेलं. पलंगाची तीच तऱ्हा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एवाल्डनं एकूण एक सामानाचे पाय वाकड्या घराच्या उताराप्रमाणं कापले होते. सपाट जमिनीवर सगळा संसार एका बाजूला झुकून उभा राहिला. वहिनी दारात उभी राहून ते पाहत होती. ती हसू लागली आणि हसता हसता खुर्चीवर बसली, तर खुर्चीही झुकली. मी करवत काढली. ती म्हणाली, खबरदार. शेवटी सोळा पाचरी घातल्या.

मे महिन्यात संग्रहालय उघडलं. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी माझ्या फेरीला चव्वेचाळीस माणसं होती, एक आख्खी बस आणि वर काही. कारंज्यापासून निघताना मी पाहिलं, तर घोळक्यात सगळ्यात मागं वहिनी होती. चांगला कोट घातलेला, हातात पर्स. मी थांबलो तर तिनं हातानंच पुढं चला अशी खूण केली. सगळी फेरी ती पाहुण्यांबरोबर चालली. चर्चपाशी मी घंटेविषयी थोडं वाढवून सांगितलं, तेव्हा तिनं फक्त एक भुवई वर केली.

वाकड्या घराच्या स्वयंपाकघरात मी सगळ्यांना खांबापाशी उभं केलं. साल दाखवली, भोक दाखवलं, १४४७ सांगितलं. एवाल्डनं जोडलेला पाय दाखवला आणि जोड किती बारीक आहे ते खाली वाकून बघायला लावलं. मागच्या भिंतीपाशी नेऊन कोठाराची लाकडंही दाखवली आणि त्यांवरचे आकडे एका गाढवानं कोरलेत हेही सांगितलं. कोण गाढव ते विचारलं कोणी, तेव्हा मी टोपी काढून वाकलो. लोक खूप हसले. बोलणं चांगलं रंगलं होतं, कुठं अडखळलो नाही.

मग पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं, "आणि शेवटी इथं कोण राहत होतं?"

मला उत्तर माहीत होतं. सोळा वर्षांत एकाही प्रश्नावर मी गप्प राहिलेलो नाही. पण तोंडातून शब्द फुटेना. चव्वेचाळीस माणसं माझ्याकडं बघत होती.

"मी," मागून वहिनी म्हणाली.

लोक वळले आणि आपोआप बाजूला झाले. ती मधून चालत पुढं आली, पर्स ओट्यावर ठेवली, जिथं ती पंचेचाळीस वर्षं ठेवायची तिथंच, आणि त्या बाईला म्हणाली, "विचारा काय विचारायचंय ते."

मी टोपी काढली आणि घोळक्याच्या मागं, पाहुण्यांत जाऊन उभा राहिलो.